बापाचा रकाना

येणूबाई लांजेवारच्या वाडीतलं कोहळं
चौघांनी गोधडीत घालून राइस मिलच्या काट्यावर आणलं,
मी एकसष्ट लिहिलं, गोधडीचे दोन वजा केले.
ती म्हणाली, दीडच कर,
गोधडी विरलेली आहे.

मी काटेवाला. धानाचं पोतं डोळ्यांनी तोलतो.
हिच्यासाठी मात्र वेगळी वही घातली आहे:
वर्ष, वेल, वजन, रंग, फाका किती, आई, बाप.
आईचा रकाना सोपा,
ज्या वेलाला लागलं, तो वेल.

बापासाठी ती माघात, पहाटे चारला,
नाला ओलांडून गेली डुलीचंद बिसेनच्या बांधावर.
पाण्याच्या पाळीवरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं.
एक नरफूल मागितलं.
त्यानं तीन दिली, बोलला काही नाही.
ती फुलं तिनं ओल्या फडक्यात, डब्यात घालून आणली.

आपलं मादीफूल तिनं आदल्या संध्याकाळीच
लाल दोऱ्यानं बांधून ठेवलेलं.
मधमाशीचा काय भरवसा,
ती कोणाचंही आणते.
दोरा सोडला, नरफुलाच्या पाकळ्या सोलल्या,
आणि लोणच्याच्या बरणीची कड पुसावी
तसा पराग आतून फिरवला.
पुन्हा बांधलं.

मग त्या वेलाची बाकीची फळं तिनं खुडली.
एकाच्या खाली तणस घातली,
पोटाभोवती सुतळी बांधून गाठ मारली.
सकाळी गाठ सुटलेली असायची.
शेणखत, ताक, माशांचं धुणं, सगळं पाजलं,
तरी म्हणायची,
बिजात नाही ते खतानं येत नाही.

डुलीचंद मिलमध्ये आला पाहायला.
काट्याभोवती दोनदा फिरला.
त्याची कोहळी राखाडी, चपटी, खोल फाकांची;
हे उभट, केशरी, एका कुशीला बसकं.
म्हणाला, माह्यावालं त काहीच नाही याच्यात.

थांब ना बाप्पा, येणूबाई म्हणाली,
आता दिसते ते सारं मायचं आहे.
साल मायची, गर मायचा,
आतली पोकळीबी मायचीच.
बाप पुढल्या सालाले दिसते.

कृषी विद्यापीठाच्या एका साहेबानं
हेच तिला कधीतरी अर्धा तास समजावलं होतं, फळ्यावर.
तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली,
हो, असंच असते.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक रकाना कोरा होता,
हेडमास्तरांनी तिथे आडवी रेघ मारली.
शाई निळी होती.

कोहळं फोडलं कुऱ्हाडीनं.
गर चार बोटं, मध्ये एवढी पोकळी
की लेकरू आत बसावं.
बिया पाण्यात सोडल्या; तरंगल्या त्या कोंबड्यांना,
बुडाल्या त्या एकशे सत्तावीस.
एक मूठ तिनं डुलीचंदच्या रुमालात ओतली,
तो नको नको म्हणत असताना.

पुढल्या वर्षी तिच्याकडे सात वेल.
एकसष्ट काही पुन्हा आलं नाही.
एक अठ्ठेचाळीस, एक चाळीसच्या आत,
दोन उन्हात तडकली, पोटातल्या घाईनं.
एक राखाडी, खोल फाकांचं, पण उभं,
जणू डुलीचंद हिच्या ओट्यावर उभा आहे.
एक मुठीएवढं, पिवळं, तेवढ्यावरच थांबलेलं.

आणि एक हिरवं, गाठीगाठीचं, पट्टेदार,
जे येणूबाईच्या वेलावर कधी नव्हतं
आणि डुलीचंदच्याही.
कोणाचं म्हणावं? माशीचं?
नाही, दोरा तिनं स्वतः बांधला होता.

डुलीचंदनं ते मांडीवर घेतलं.
गाठींवरून अंगठा फिरवत राहिला.
माह्या आज्याच्या बाडीत होतं असं,
मी हाफपँटीत होतो तवा.
त्याच्यानंतर नाही दिसलं कोठी.

किती भरलं, त्यानं विचारलं.
साडेबारा.
मी लिहिलं. आई: येणूबाईचा वेल.
बाप: डुलीचंदचा वेल.
येणूबाई वहीवर वाकली, तिला वाचता येत नाही,
म्हणाली, त्याच्या मांगं अजून एक घर आख.

पानावर जागा नव्हती.
मी समासात लिहिलं, उभं,
वही आडवी धरून.